कानोसा, भाग सातवा

कंपनीची बस साई गावाच्या पुढचं वळण घेत होती आणि डोक्यावरच्या स्पीकरमधून एक बाई बोलायला लागली. आवाज जरा दाटलेला, सुपारीचं खांड गालात धरून बोलावं तसा. प्रज्ञा काचेला डोकं टेकून बसली होती. शिमगा तोंडावर आला होता. वाल काढून झालेली शेतं उघडी पडली होती आणि बांधावरच्या काजूंची बोंडं पिकायला लागली होती. तिच्या मनात आलं, कोण गो ही, बरी बोलते. मग ती बाई म्हणाली, ‘मी प्रज्ञा. पॅकिंगच्या क्वालिटीत आहे. चौदा वर्षं झाली,’ आणि प्रज्ञाच्या मानेवर कुणी ओला हात ठेवावा तसं झालं. आपला आवाज आपल्याला आतून ठाऊक असतो, हाडांमधून वर येणारा, आपल्याच उबेचा. हा तसा नव्हता. हा रस्त्याकडेला वाळत घातलेल्या लुगड्यासारखा होता. लुगडं आपलंच, पण येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं ठिगळसुद्धा दिसावं. तिनं पदर सारखा केला. कुणी मागं वळून बघतंय का ते बघितलं. बसमध्ये तीसेक माणसं होती, बोर्ली पंचतनपासून माणगावच्या अलीकडपर्यंत ठिकठिकाणी चढलेली, आणि महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी वाजतो तसा आजही ‘कानोसा’ वाजत होता. कारखान्याचाच कार्यक्रम, कारखान्यातल्याच माणसांनी बोललेला. हा सातवा भाग.

शेजारी जनी बसली होती. लाइनवर गोळ्यांच्या पट्ट्या मोजून खोक्यात भरणारी, बोर्लीच्या अलीकडून चढणारी, प्रज्ञापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. तिनं डोळे मिटून घेतले होते; झोपेसाठी नव्हे, ऐकण्यासाठी. वरचा आवाज सांगत होता की गोळ्यांची पट्टी उजेडासमोर कशी धरायची, सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी ते कसं चमकतं, डोळ्याला ती सवय लागायला वर्ष जातं. मध्येमध्ये तो थांबत होता आणि पुन्हा चालत होता. प्रज्ञाला पुढचं सगळं पाठ होतं. आता मी पहिल्या दिवसाचं सांगणार. आता टोपीत केस मावत नव्हते ते. आता येईल ते. तिनं नकळत जनीचं मनगट धरलं. वरची बाई म्हणाली, ‘चौदा वर्षांत मला इथं काही कमी पडलं नाही.’ प्रज्ञानं श्वास घेतला, रेकॉर्ड करताना घेतला होता तसाच.

आणि सनई वाजली. कार्यक्रमाच्या शेवटी वाजते ती. मग एचआरच्या क्रांती मॅडमचा टवटवीत आवाज: ‘वा! चौदा वर्षं, आणि काहीच कमी नाही! प्रज्ञाताईंसारख्या शांत सहकाऱ्यांच्या मनात किती समाधान असतं, नाही का?’

बसमध्ये टाळ्या पडल्या. डिस्पॅचचा धम्मदीप शेवटच्या सीटवरून ओरडला, “ताईऽ, एक नंबर! आज कँटीनला वडा तुमच्याकडनं!” पुढं बसलेले बुधाजी फिटर मान वळवून म्हणाले, “बाय, तोंडात जीभ हाय म्हणायची तुझ्या. चौदा वर्षांत आज कळलं.” हशा झाला. प्रज्ञाही हसली. जनीनं डोळे उघडले, आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं आणि मांडीवरच्या पिशवीची गाठ होती तशीच पुन्हा एकदा बांधली.

“चांगलं बोललीस,” ती म्हणाली.

“जने, पुढं होतं गो.”

“व्हय?”

“पुढंच होतं सगळं. मी बोलले होते. शप्पथ.”

“असंल,” जनी म्हणाली, आणि मोर्ब्याच्या बाजारातली दुकानं उघडताना बघायला लागली.

त्या ‘असंल’वर प्रज्ञा पुढचे सात-आठ किलोमीटर बसून राहिली. पण खरं सांगायचं तर जनीच्या शब्दाहून तिला दुसऱ्याच गोष्टीचा धसका बसला होता. सनई वाजली त्या क्षणी, टाळ्यांच्याही आधी, तिच्या अंगातून काहीतरी सैल होऊन खाली उतरलं होतं. डोक्यावरचा हंडा कुणी न सांगता उतरवून घ्यावा तसं. वाचलो, असं वाटलं होतं. राग मागाहून आला, लाज त्याच्याही मागून आली. पहिली आली होती ती सुटका. ही सुटका तिच्या ओळखीची होती. ती दहा वर्षांची असताना, बुद्धविहारासमोरच्या मांडवात, चौदा एप्रिलला तिची हिच्याशी गाठ पडली होती. बाप धर्माजी मुंबईला पालिकेत कामाला. जयंतीला चार दिवस यायचा आणि वाडीतल्या पोरांची भाषणं बसवून घ्यायचा. त्या वर्षी प्रज्ञानं स्वतः लिहिलं होतं. वहीच्या दीड पानात वाडीच्या विहिरीबद्दल लिहिलं होतं, ती उन्हाळ्यात आटते आणि मग बायका कुठं कुठं जातात त्याबद्दल. ती उभी राहिली, नमस्कार झाला, बाबासाहेबांच्या लहानपणाचं झालं, आणि विहिरीपाशी येऊन ती थांबली. विसरली नव्हती. विहिरीचं वाक्य मोठं होतं, ते नीट धरायला तिला दोन्ही हात लागत होते, एवढंच. पण मांडवातल्या माणसांना वाटलं, झालं पोरीचं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, पाहुण्यांनी बक्षिसाची कंपासपेटी हातात ठेवली, आणि ती खाली उतरली. उतरताना तेच वाटलं होतं, वाचलो. धर्माजीनं जवळ घेऊन विचारलं, “अजून होतं ना गो?” तिनं मान डोलावली. बापाला वाईट वाटलं ते पोर अडखळली म्हणून नव्हे. त्याच्या एवढ्या मोठ्या गर्दीला एक श्वासभर थांबता आलं नाही, हे त्याला लागलं होतं. हे तिला कळायला फार वर्षं गेली.

थांबणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला आईकडून आलं होतं, तांदळाच्या पिठाच्या वासातून. आई तुळसा भाकरीपुरतं घरीच दळायची, कारण गिरणी म्हसळ्याला आणि पोर कडेवर. जातं फिरायचं आणि वर ओवी फिरायची. तुळसा स्वतःच जुळवायची आणि स्वतःच विसरायची:

दळण सरलं माझं, पीठ राहिलं पाळीला,
बोल राहिला, बाई, ओठाच्या आळीला.

पण ह्या दोन ओळी अशा लगोलग कधी आल्याच नाहीत. पहिली ओळ झाली की आईचा आवाज थांबायचा, जातं नुसतंच घरघरायचं. डावा हात सुपात जायचा, मूठभर तांदूळ जात्याच्या तोंडात पडायचे, आणि ते दाताखाली आले की मग दुसरी ओळ उगवायची. प्रज्ञा मांडीशी बसून त्या मधल्या घरघरीची वाट बघायची. ओळीपेक्षा तिला तीच आवडायची. तिच्या लेखी बोलणं म्हणजे ते सगळं होतं, आवाज आणि जात्यात वैरायची मूठ दोन्ही. पुढं शाळेत, कॉलेजात, मुलाखतीत, सासरी लोकांनी तिच्या मुठी मोजल्याच नाहीत. ती थांबली की कुणीतरी तिचं वाक्य उचलायचं आणि आपल्याच पिठात कालवायचं. नवरा बिचारा चांगला माणूस, पण तोसुद्धा म्हणायचा, तुझं वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवतो. हळूहळू तिनं लहान वाक्यं करायला घेतली. हो. नाही. बघते. सही करू का? चार शब्दांत चौदा वर्षं निघाली.

आणि मागल्या पावसाळ्यात क्रांती मॅडम आल्या. पनवेलच्या, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, चालताना पायाखाली स्प्रिंग असल्यासारख्या. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांकडून एक कागद भरून घेतला. तुम्हाला गर्दी आवडते का, तुम्ही आधी बोलता की आधी विचार करता, असले प्रश्न. हेड ऑफिसच्या कुठल्याशा पद्धतीत माणसांच्या स्वभावाचे चार रंग पडत होते, आणि शांत, विचारी, मागं राहणारी माणसं निघाली निळी. एका सकाळी गेटजवळच्या फळ्यावर यादी लागली: ‘आपले निळे सहकारी’, आणि खाली तेवीस नावं. बाकी काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. निळे म्हटल्यावर वाचायची गरजच काय होती? पॅकिंग हॉलमध्ये त्या दिवशी मधमाश्यांचं पोळं हलल्यासारखं झालं. आधी कुजबूज, मग खुसुखुसु. दुपारी बुधाजी फिटर घाम पुसत क्रांती मॅडमच्या टेबलापुढं उभे राहिले आणि त्यांनी जातीच्या दाखल्याची झेरॉक्स पुढं ठेवली. “मॅडम, आमी कुणबी हाव. काय चूक झाली असंल तर सुधारून घ्या. नंतर पोरांना त्रास नको.” त्यांच्या मागोमाग धम्मदीप हजर. तोंडाला क्षणाची उसंत नसलेल्या त्या पोराचं नाव लाल रंगाच्या यादीत होतं. “मला निळ्यातनं काढलं कुणी? वाडीत काय तोंड दाखवू?” क्रांती मॅडम रडकुंडीला आल्या. संध्याकाळपर्यंत फळा कोरा झाला. सगळा कारखाना आठवडाभर हसत होता आणि प्रज्ञाही हसली. पण घरी गेल्यावर दाराला लावलेल्या निळ्या रंगाकडं ती जरा वेळ बघत उभी राहिली. तेवीस जणांत तिचं एकटीचं नाव असं होतं, की ते चुकीनं लागलंय असं कुणालाच वाटलं नव्हतं. कुणी येऊन विचारलंही नव्हतं. ती दोन्हीकडून निळी होती, आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ ह्या लोकांनी कधीचाच लावून ठेवलाय, असं काहीतरी तिला त्या दारापाशी जाणवलं. ते नीट शब्दांत आलं नाही. आलं असतं तरी सांगणार कुणाला?

त्या फजितीतूनच ‘कानोसा’ निघाला. रंग नकोत, आवाज घेऊ या, असं क्रांती मॅडमनी वर पटवलं. महिन्याच्या सभेत माइक हातात येतो तो बोलणाऱ्यांच्याच. सुपरवायझर गणराज, नाहीतर धम्मदीप. जे सभेत बोलत नाहीत त्यांनी एकट्यानं एका खोलीत बसावं, फोनपुढं बोलावं, आणि बाकीच्यांनी ते बसमध्ये, जेवताना, आपापल्या वेळेनं ऐकावं. कल्पना खरंच चांगली होती. चौथ्या भागात बॉयलरचे रावजी त्यांच्या पाळलेल्या कबुतरांवर बोलले, तेव्हापासून लोक त्यांना नावानं हाक मारायला लागले होते. जानेवारीत क्रांती मॅडम प्रज्ञाच्या टेबलाशी येऊन बसल्या. “ताई, दोन वर्षांच्या सभांची नोंद बघितली मी. तुमच्या नावापुढं एक शब्द नाही. तुम्हाला बोलायचं नसतं असं मला वाटत नाही.” प्रज्ञानं वर बघितलं. असं कुणी म्हटलं नव्हतं. “एकट्या बसा. हवा तेवढा वेळ घ्या,” मॅडम म्हणाल्या.

काय बोलायचं ते तिला ठरवावं लागलं नाही. ते तिच्यात आधीच येऊन बसलं होतं, जनीच्या रूपानं. पॅकिंग हॉलमध्ये पाणी न्यायचं नाही, हा नियम. औषधाचं काम, त्यात चूक काहीच नाही. पाणी प्यायचं किंवा मोरीवर जायचं तर दोन खोल्या ओलांडून बाहेर यायचं, टोपी, मास्क, झगा, पायमोजे उतरवायचे, आणि परत जाताना सगळं नवं चढवायचं. एका खेपेला बारा मिनिटं. बदली बाई मिळाली तर. नाही मिळाली तर लाइन खोळंबते, आणि लाइन कुणामुळं खोळंबली हे संध्याकाळी सगळ्यांसमोर विचारलं जातं. म्हणून लाइनवरच्या आठ बायकांनी स्वतःच तोड काढली होती: सकाळी घरून निघाल्यापासून पाणीच प्यायचं नाही. कुणी तसा हुकूम दिला नव्हता, त्यामुळं कुणाविरुद्ध तक्रारही नव्हती. सूचनापेटीत कुणीतरी चिठ्ठी टाकली होती एकदा; उत्तर म्हणून कँटीनमध्ये ‘भरपूर पाणी प्या, निरोगी राहा’ असं रंगीत पोस्टर लागलं. दिवाळीनंतर जनीला थंडी वाजून ताप भरला, कमरेतून कळा. माणगावच्या डॉक्टरनं सांगितलं, मूत्रपिंडाला सूज आहे, पाणी पीत जा. महिन्यानं पुन्हा तेच. आणि तिसऱ्यांदा झालं तर मूत्रपिंड कायमचं अधू होईल, हेही सांगितलं. “तू परमनंट हायस,” जनी बसमध्ये तिच्या कानाशी म्हणाली होती, “तू बोल. पर माजं नाव घेऊ नको हां. आमी कंत्राटी. नाव घेतलंस तर दुसऱ्या दिशी माज्या जागी दुसरी.”

तर ‘कानोसा’साठी रिकाम्या केलेल्या जुन्या लेबलांच्या खोलीत, भिंतींना फोम चिकटवलेला, प्रज्ञा फोनपुढं बसली. बाहेरचं यंत्र ऐकू येत नव्हतं. इतकी शांतता तिनं कारखान्यात कधी अनुभवली नव्हती. लाल ठिपका दाबला आणि बोलायला लागली. पट्टीचं सांगितलं, टोपीचं सांगितलं. मग ‘काही कमी पडलं नाही’ म्हणून ती थांबली, कारण पुढचं वाक्य ‘पण’नं सुरू होत होतं आणि तो ‘पण’ जड होता. तिनं तो उचलून बघितला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. घाई नव्हती. कुणी टाळी वाजवणार नव्हतं. आणि मग, फोनकडं न बघताच, तिनं सांगितलं. आठ बायका, बारा मिनिटं, कोरडे ओठ, सकाळी चुलीवरचा चहासुद्धा अर्धा टाकणाऱ्या, कमरेला हात लावून पट्ट्या मोजणाऱ्या. कुणाचं नाव नाही, कुणाला दोष नाही. मध्ये थांबत, पुन्हा उचलत, आपल्या चालीनं. बाहेर आली तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. बसमध्ये जनीला एवढंच म्हणाली, “बोलले गो. सगळं.” दुसऱ्या दिवशी जनीनं फडक्यात बांधून ओले काजूगर आणले, स्वतः सोललेले, बोटांना चीक लागून कातडी काळी पडलेली. तीन आठवडे झाले त्याला.

बस गेटात शिरली. प्रज्ञा हजेरीचं कार्ड टेकवून थेट क्रांती मॅडमकडं गेली. मॅडम उभ्याच राहिल्या. “ताई! किती जणांचे मेसेज आलेत माहीतै? प्लँट हेडनी स्वतः लिहिलंय—”

“पुढचं कुठाय?”

“पुढचं?”

“माझं... पुढं होतं.”

मॅडमनी फोन काढला, फाइल उघडून दाखवली. चार मिनिटं दहा सेकंद. त्या गोंधळल्या, मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “तुम्ही थांबला होतात का, ताई? मध्ये?... ते ॲप असं आहे, की वीस सेकंद आवाज आला नाही की ते समजतं संपलं. आपोआप बंद होतं. अरे देवा. मला वाटलं, तुमचं एवढंच होतं. तुम्ही कमी बोलता ना, म्हणून मला शंकाच—” त्या खुर्चीत बसल्या. “सॉरी ताई. खरंच. मला ते सेटिंग सुचलंच नाही. मी वीस सेकंद गप्प बसलेय कधी आयुष्यात? घरी एकटी असले तरी टीव्ही लावून ठेवते.”

त्या मुलीचा प्रज्ञाला राग येईना. ती शांत माणसांसाठी खोली बांधून बसली होती आणि त्या खोलीचं दार शांततेनंच मिटत होतं. हे तिला कुठून कळावं?

“काय होतं त्यात? मला सांगा ना, आत्ता सांगा,” मॅडम पुढं झुकल्या.

प्रज्ञानं तोंड उघडलं. जनीचं नाव येता कामा नये. कुठून धरायचं? फोमच्या खोलीत सगळं एका मागोमाग आलं होतं, इथं ते उन्हात ठेवलेल्या बर्फासारखं हातातून निसटत होतं. मॅडमचे डोळे तिच्या तोंडावर लागलेले, मायेनं भरलेले, अधीर. “कँटीनचं का? नाही? बसचं? कुणी त्रास देतंय का ताई? बिनधास्त सांगा. नाहीतर असं करा, पुन्हा रेकॉर्ड करा, पुढच्या महिन्याचा भाग डिस्पॅचला दिलाय, त्याच्या पुढच्यात नक्की—” टेबलावरचा फोन वाजला. मॅडमनी हातानं थांबा अशी खूण केली. प्रज्ञा थांबली, मग साडेनऊला नवी बॅच लावायची होती म्हणून निघाली. कॉरिडॉरमधून जाताना तिच्या लक्षात आलं, आपण पुन्हा हलक्या झालोय. पुन्हा तीच सुटका. बोलणं दोन महिने पुढं गेलं. दोन महिन्यांत जनीला तिसऱ्यांदा ताप भरला तर? आणि भरला तरी आपण म्हणू, मी तर बोलले होते, यंत्रानं घेतलं नाही. केवढी सोयीची गोष्ट होती ती! ती भिंतीला हात लावून उभी राहिली. वीस सेकंदांत बंद होणारं काहीतरी आपल्याही आत आहे, आणि कुणी ‘झालं’ म्हटलं की आपण आनंदानं ‘झालं’ म्हणतो. फोनला बोल लावून काय उपयोग?

झगा, टोपी, मास्क चढवून ती हॉलमध्ये आली. लाइन पुसून ठेवली होती, आठ जणी आपापल्या जागी उभ्या. मास्कच्या वर नुसते डोळे, पण तिला सगळ्या डोळ्यांवरून ओळखू येत. जनी तिसरी. जनी यंत्राच्या पट्ट्याकडं बघत होती. नवी बॅच सुरू होण्याआधी आधीच्या बॅचची एक गोळीसुद्धा कुठं राहिली नाही ना, हे बघून प्रज्ञानं सही केली की मगच बटण दाबायचं. चौदा वर्षं हेच. तिनं पट्ट्याखाली वाकून बघितलं, कोपरे बघितले, रिकामी खोकी उलटी करून बघितली. सगळं स्वच्छ होतं. गणराजनं वही पुढं केली. तरणाबांड, तोंडाळ, पण मनानं वाईट नव्हे.

“ताई, आज एकदम फेमस! घ्या, ऑटोग्राफ द्या.”

तिनं पेन घेतलं. टोक कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं.

“काय झालं? काय राहिलंय का?” त्यानं स्वतः वाकून बघितलं. “क्लीन आहे ताई. मी दोनदा बघितलंय. लेबलचा रोल बदललाय, ते बघितलं ना? तारीख बघितली ना?... पेन चालत नाही का? हे घ्या. ताई? बरं वाटत नाही का? साहेबांनी सातशे खोकी मागितलीत दुपारपर्यंत. रागावलात का, मी ऑटोग्राफ म्हटलं म्हणून? चेष्टा केली हो.”

ती काही बोलली नाही. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं नव्हतं. वाक्य अजून हातात यायचं होतं, आणि ह्या वेळी ती ते खाली ठेवणार नव्हती. गणराजचे अंदाज एकामागून एक आले आणि सरले. यंत्र थांबलेलं असल्यामुळं हॉलमध्ये फक्त वरच्या जाळीतून येणाऱ्या हवेचा आवाज. आठ जणींनी माना वर केल्या. वीस सेकंद झाले असतील, चाळीस झाले असतील. कुणालाही हे आता संपलंय असं म्हणता येत नव्हतं, कारण सहीशिवाय काहीच सुरू होणार नव्हतं.

“ह्यांना आधी पाणी पिऊन येऊ दे,” प्रज्ञा म्हणाली.

“कुणाला?”

“सगळ्यांना.”

“आत्ता? ताई, आठ जणी म्हणजे पंधरा-वीस मिनिटं लाइन...” तो अडखळला. “कुणी मागितलंय का?” त्यानं लाइनकडं बघितलं. डोळ्यांच्या आठ जोड्या खाली गेल्या.

“कुणी मागितलं नाही. मागत नाहीत. म्हणूनच.” ती थांबली. गणराजनं तोंड उघडलं आणि मिटलं. “घरून निघाल्यापासून प्यायल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत पिणार नाहीत. रोज. मी रोज बघते, आणि रोज सही करते.”

हे शेवटचं तिनं फोमच्या खोलीतही म्हटलं नव्हतं. तिथं तिनं सगळं सांगितलं होतं, फक्त स्वतःला वगळून. ह्या वेळी सुटका वाटली नाही. भीती वाटली, स्वच्छ, थंड भीती. घर आठवलं, पोरीची बारावी आठवली. पण तिचा हात वहीवरच होता.

कुणी हललं नाही. मग जनीच्या पलीकडची आधी हलली, की जनीच आधी, ते प्रज्ञाला दिसलं नाही. दोघी-तिघी पट्ट्यापासून मागं झाल्या, मग सगळ्याच. रांगेनं दाराकडं निघाल्या. जनी तिच्याजवळून गेली. थांबली नाही, मान वळवली नाही, पण जाताना तिची बोटं प्रज्ञाच्या झग्याच्या बाहीला लागून गेली, आणि ती मुद्दाम लागली होती हे कापडातूनही कळलं.

गणराज उभा. “कारणाच्या रकान्यात काय लिहू? मशीन बिघाड लिहितो ताई. नाहीतर मटेरियल शॉर्ट. पाण्याला कोडच नाही. वर विचारतील.”

“मी लिहिते.”

“तुमच्या नावानं?”

“हो.”

तिनं वही आपल्याकडं ओढली. ‘लाइन सुरू होण्यास उशीर’ असं छापलं होतं, आणि पुढं बोटभर रकाना. तिनं लिहिलं, ‘बायका पाणी’. तिथं पेन थांबलं. पुढचा शब्द साधा होता, पण त्यानंतर येणारं वाक्य त्या रकान्यात मावणार नव्हतं. ते समासात न्यावं लागणार होतं, कदाचित पान उलटावं लागणार होतं. तिनं नजर वर केली नाही. गणराज घड्याळाकडं बघत होता हे तिला न बघताही कळलं. तो खाकरला. एका पायावरचा भार त्यानं दुसऱ्या पायावर घेतला. आता हा वही मागेल, असं तिला वाटलं.

त्यानं मागितली नाही. पट्ट्याच्या कडेला तो रिकामं खोकं उलटं करून बसला, आणि तिचं व्हायची वाट बघू लागला.